उन्हाळ्याची सुट्टी, पालीचा विद्यार्थी आणि अक्षयनीवी



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. या निर्णयाने आपणा सर्वांना आनंद झाला. परंतु दर्जा मिळाल्याने भाषा शिकून होत नाही. बी.ए.ला पाली घेतलेला आपल्या वस्तीतील मुलगा किंवा मुलगी मे महिन्यात काय करते, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक वेळा उत्तर एकच असते : दुकानात, गोदामात किंवा मांडवाच्या कामाला जाते, कारण जूनमधील वह्या-पुस्तकांचा खर्च त्या मजुरीतून निघायचा असतो. याच दोन महिन्यांत अभ्यास कसा करता येईल आणि त्यासाठी पैसा कोठून मिळेल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या इतिहासात अशा मदतीचे मोल मोठे आहे. धर्मानंद कोसंबी गोव्यातील खेड्यातून निघाले आणि अतिशय हालअपेष्टा सोसून १९०२ मध्ये सिंहलद्वीपी पाली शिकले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट इतकीच की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. शाळेत ज्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही व फारसी घ्यावी लागली, त्या बाबासाहेबांनी पुढे पालीचा शब्दकोश सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ मध्ये त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६व्या खंडात प्रसिद्ध केला. बुद्धी दोघांचीही असामान्य होती. पण वेळेवर मिळालेल्या पैशाने त्या बुद्धीला मोकळीक दिली.

सुट्टीत काय शिकावे?

पहिली गोष्ट म्हणजे एक ग्रंथ सलग वाचणे. धम्मपदात ४२३ गाथा आहेत. रोज १० गाथा अन्वय लावून, शब्दकोश पाहून वाचल्या तर ४३ दिवसांत ग्रंथ पुरा होतो. वर्ग चालू असताना हे साधत नाही. सुट्टीत, संध्याकाळचे दोन तास दिले तरी साधते. पुस्तकांची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण तिपिटक अट्ठकथांसह देवनागरीत प्रसिद्ध केले असून ते संगणकावर विनामूल्य वाचता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्राह्मी लिपी. ही लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडली. सांचीच्या लहान लहान लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे पाहून तो शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्यांनी केला. दान या शब्दानेच प्राचीन भारताचे दार उघडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रोज सरावाला बसल्यास मुळाक्षरे पंधरा दिवसांत हाती बसतात.

लेण्यांवरील काम

यानंतर आपल्या जिल्ह्याजवळचे एकच लेणे निवडावे. कार्ले, भाजे, जुन्नर, कान्हेरी, नाशिकची पांडवलेणी, सर्वत्र शिलालेख आहेत. त्यांची भाषा पाली नसून प्राकृत आहे; परंतु पाली जाणणाऱ्यास ती लवकर उमगते. कोरताना जोडाक्षरे बहुधा सोडून दिलेली असतात. पालीतील ‘पुत्तस्स’ तेथे ‘पुतस’ होते, ‘भिक्खु’ हा ‘भिखु’ होतो. ‘लेण’ हा शब्द तर आपण आजही बोलतो.

जाण्यापूर्वी त्या लेखाचे छापील वाचन उतरवून घ्यावे. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांचा पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह १८८१ मध्ये निघाला. कार्ले आणि नाशिकचे लेख सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या ७व्या व ८व्या खंडांत संपादिले आहेत. लेण्यात उभे राहून छापील पाठ व दगडावरील अक्षर ताडून पाहावे. लेख कोठे आहे, किती ओळी आहेत, कोणती अक्षरे झिजली आहेत, हे वहीत नोंदवावे. तिरपा प्रकाश पडला की अक्षरे उठून दिसतात. म्हणून सकाळची आणि उतरत्या दुपारची वेळ बरी. अक्षरांत खडू भरू नये, त्यांवर हात किंवा पाणी फिरवू नये. ठसा घ्यावयाचा असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आग्यामोहोळ असेल तेथे धूर वा सुगंधी द्रव्य नेऊ नये, आणि मे महिन्याच्या उन्हात एकट्याने जाऊ नये.

अशा कामातून काय हाती लागते? जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्याचे लिहिले आहे. यवन म्हणजे ग्रीकच की इतर परदेशीयही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ‘मिलिंदपञ्ह’ वाचलेल्या आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे नाव माहीत असलेल्या विद्यार्थ्याला हा लेख स्वतः वाचताना जो आनंद होतो, तो टिपणे पाठ करून होत नाही.

पैसा कोठून?

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. यूजीसीच्या नेट परीक्षेत पाली हा स्वतंत्र विषय असून त्यातून संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळू शकते. पीएच.डी. करणाऱ्यांनी पुण्याच्या बार्टी संस्थेच्या आणि केंद्राच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीकडे लक्ष ठेवावे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहास यांवरील विषय वगळण्यात आले. म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीचे नियम मुळातून वाचावेत.

या योजना प्रामुख्याने फी, निवास आणि निर्वाह यांसाठी किंवा पुढच्या संशोधनासाठी आहेत. बी.ए.च्या मुलीला पंधरा दिवस लेण्यांवर काम करण्यासाठी एसटीचे भाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी कोण देणार? येथे आपल्यासारख्या संस्थेचे काम सुरू होते, आणि ते कसे करावे हे नाशिकच्या दगडावर कोरलेले आहे.

पांडवलेण्यांतील १०व्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. पैकी २,००० वर दरमहा शेकडा १ प्रमाणे व्याज ठरले. महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावयाचे होते. हिशेब चोख बसतो. उरलेल्या १,००० वरील व्याज इतर खर्चाला होते. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, आणि ही सर्व व्यवस्था निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवलेली. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीचे हे नियम आजच्या कोणत्याही निधीला लागू पडतील.

समजा, आपल्या १०० सभासदांनी प्रत्येकी १,००० रुपये दिले, तर १ लाखाची ठेव होते. शेकडा ६ व्याजाने वर्षाला ६,००० रुपये येतील. एका विद्यार्थ्याला १५ दिवस, दिवसाला ४०० रुपये. रक्कम मोठी नाही. पण प्रवास, जेवण आणि काही अंशी बुडालेली मजुरी त्यात भागते. बदल्यात विद्यार्थ्याने एका लेखाचे वाचन व सोपा मराठी अर्थ लिहून वर्षावासाच्या कार्यक्रमात सर्वांना वाचून दाखवावा. जमाखर्च दरवर्षी सभेत मांडावा.

लेण्यांतील दान सर्वच राजघराण्यांचे नव्हते. कुणी एक खांब दिला, कुणी पाण्याची टाकी. ज्याला जेवढे जमले तेवढे त्याने दिले आणि आपले नाव दगडावर ठेवले. ती नावे वाचणारी मुले आपल्या घरांत तयार झाली, तर पालीला मिळालेला अभिजात दर्जा खऱ्या अर्थाने आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.