डिस्प्ले गेला, म्हणजे नेमकं काय गेलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात एक वाक्य आम्हाला आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकायला मिळतं. "काल रात्रीपर्यंत चांगला चालत होता हो, सकाळी लावला तर डिस्प्लेच नाही." त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो. काल बंद करताना पडद्यावर अपडेट चालू असल्याचं काही आलं होतं का? थोडा विचार करून माणूस म्हणतो, "हो, आलं होतं खरं. टक्के वाढत होते."

हा अनुभव असेंबल्ड मशीनवाल्यांना जरा जास्त येतो. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतला तर आत कोणता मदरबोर्ड, कोणतं कार्ड, हे त्या कंपनीनंच ठरवलेलं असतं आणि त्या मॉडेलला चालणारे ड्रायव्हर ती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवते. आपण लॅमिंग्टन रोडवर जातो, एका दुकानातून मदरबोर्ड घेतो, दुसऱ्यातून ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस जिथं स्वस्त मिळेल तिथून. पैसे वाचतात, मशीन मनासारखं होतं, मीही लोकांना तेच सुचवतो. फक्त पाच कंपन्यांचे हे पाच भाग एकत्र नांदतात की नाही, हे बघायची जबाबदारी मग आपल्यावर येते.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. विंडोजला ग्राफिक्स कार्डाची भाषा येत नाही आणि कार्डाला विंडोजची. मध्ये एक दुभाष्या लागतो. कार्डाच्या कंपनीनं लिहिलेला हा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. अपडेटमध्ये विंडोजची बोली थोडी बदलते, किंवा विंडोज आपणहून जुना दुभाष्या काढून नवा बसवते. त्या दोघांचं जमलं नाही की पडदा काळा होतो, रेषा येतात, किंवा सगळं मोठं आणि फिस्कटलेलं दिसतं. कार्ड मात्र धडधाकट असतं.

हे किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं, ते २००७ साली जगानं पाहिलं. त्या वर्षीच्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं. त्यात ग्राफिक्स ड्रायव्हर लिहायची पद्धतच बदलली होती, त्यामुळे कार्डांच्या कंपन्यांना दुभाषे नव्यानं घडवावे लागले आणि ते घाईत घडले. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. त्यांत २००७ मध्ये नोंदलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशांपैकी सुमारे २९ टक्के एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वाट्याला सुमारे १८ टक्के. तरी त्या नव्या पद्धतीनं आपलं भलंच केलं, असं मी म्हणेन. एक्सपीच्या काळात ड्रायव्हर अडकला की बहुतेक वेळा निळा पडदा येऊन सगळं मशीन बसायचं. व्हिस्टापासून विंडोज साधारण दोन सेकंद वाट बघते आणि कार्डानं उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हर पुन्हा सुरू करून पाहते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो ना, तो हाच प्रकार.

मग डिस्प्ले गेल्यावर काय करायचं? सांगण्याआधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण खरं नुकसान तिथं होतं. बऱ्याच ठिकाणी मशीन उघडूनही न बघता सांगतात, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." त्यांच्या दृष्टीनं तो तासाभराचा सोपा मार्ग. आपल्या दृष्टीनं सी ड्राइव्हवर, म्हणजे डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये, जे काही ठेवलेलं असतं ते सगळं गेलं.

आमच्या भागात एक ताई घरातून डीटीपीचं काम करतात. गेल्या गणपतीच्या आधी त्यांचं मशीन असंच गेलं. एका मंडळाच्या स्मरणिकेची ८४ पानं डेस्कटॉपवर होती, जाहिरातदारांचे पैसे जमा झालेले होते आणि छपाईला चार दिवस उरले होते. एका दुकानात त्यांना फॉरमॅट आणि वर नवीन कार्ड, असा खर्च सांगितला गेला. त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "दादा, मशीन राहू दे, माझी पानं तेवढी काढून द्या." मी विचारलं, "ताई, चालू केल्यावर सुरुवातीला मदरबोर्डच्या कंपनीचं नाव दिसतं का?" म्हणाल्या, "दिसतं, मग विंडोजचं चिन्ह येतं, खाली ठिपके फिरतात आणि मग काळोख."

त्यांच्या या उत्तरात निदान होतं. कंपनीचं नाव पडद्यावर येतं तेव्हा विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. ते चित्र दिसतंय म्हणजे कार्ड, केबल आणि मॉनिटर तिन्ही जिवंत आहेत. अंधार नंतर होत असेल तर संशय ड्रायव्हरवर. ताईंच्या मशीनमध्ये रात्रीच्या अपडेटबरोबर नवा ड्रायव्हर आला होता. जुना परत बसवला, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पानं जागेवरच होती.

उलट, अगदी पहिल्या क्षणापासून पडदा काळा असेल तर अपडेटला दोष देऊ नका. आधी केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला मागं दोन ठिकाणी केबल लागू शकते, एक मदरबोर्डवर आणि एक खाली कार्डावर. साफसफाईत ती वरच्या ठिकाणी गेली, असं मी कितीदा तरी पाहिलंय. मग मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, कार्ड बाहेर घ्या आणि त्याच्या सोनेरी पट्टीवरून खोडरबर हलक्या हातानं फिरवा. कार्डाला एसएमपीएसची वेगळी वायर असेल तर ती घट्ट बसवा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, मोठ्या कार्डांना तेवढ्यावर भागत नाही.

तुम्ही म्हणाल, मग हे नेमकं अपडेटनंतरच कसं झालं? त्याचं कारण साधं आहे. अनेक लोक मशीन दिवसचे दिवस पूर्ण बंद करत नाहीत. विंडोज ८ पासून तर 'शट डाउन' म्हटलं तरी ते अर्धवट झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता यावं. खरीखुरी नव्यानं सुरुवात 'रीस्टार्ट'मध्ये होते आणि अपडेट तोच करायला लावतं. आधीपासून कमजोर झालेला भाग त्या वेळी उघडा पडतो.

आता ड्रायव्हरचा संशय पक्का झाला असं धरू. विंडोज १० किंवा ११ असेल तर पहिला उपाय फुकट आहे. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाबा. ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, एक बीप ऐकू येतो आणि नशीब असेल तर चित्र परत येतं. नाही आलं, तर विंडोज सुरू होत असताना पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायचं, असं लागोपाठ दोन-तीनदा. एरवी हे करू नये, पण इथं त्याचा उपयोग आहे. विंडोज ओळखतं की काहीतरी बिघडलंय आणि दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी ४ चा आकडा. हा झाला सेफ मोड. इथं कंपनीचा दुभाष्या बाजूला ठेवून विंडोज स्वतःच्या मोडक्यातोडक्या भाषेत कार्डाशी बोलतं. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. काही मशीनवर या वाटेत बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असू शकते, मोबाइलवरून तिथं जाऊन बघा.

सेफ मोडमध्ये आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले ॲडॅप्टर्समध्ये कार्डाच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकट असेल, म्हणजे जुना ड्रायव्हर शिल्लक नसेल, तर आहे तो काढून कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर नव्यानं बसवावा लागतो. त्या वेळी इंटरनेटची वायर काढून ठेवा. नाहीतर तुम्ही एका हातानं काढाल आणि विंडोज दुसऱ्या हातानं तोच परत आणून बसवेल. ही रस्सीखेच मी अर्धा-अर्धा दिवस चाललेली पाहिली आहे. ड्रायव्हरचे उरलेसुरले तुकडे झाडून काढायला 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो, आम्ही मंडळी सर्रास वापरतो.

जुन्या कार्डांची गोष्ट थोडी निराळी. एनव्हिडियानं जीफोर्स ६०० आणि ७०० मालिकेतल्या बहुतेक कार्डांसाठी नेहमीचे नवे ड्रायव्हर देणं २०२१ मध्ये थांबवलं. अशा कार्डाला सर्वांत नवा ड्रायव्हर शोधत बसू नका, त्याला चालणारा शेवटचा शोधा. ४७० क्रमांकाची मालिका ही त्यांची शेवटची. हा मुद्दा आता जास्त निघतो, कारण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बरेच जण जुनं असेंबल्ड मशीन विंडोज ११ वर न्यायला बघतात. मोठ्या बदलानंतर पटलं नाही तर पूर्वीच्या विंडोजवर परत जायला साधारण दहा दिवसांची मुदत असते. त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप करून जुन्या विंडोजचा फोल्डर उडवू नका.

ज्यांचं मशीन आज ठणठणीत चालतंय, त्यांनी एक काम आजच करावं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरचा क्रमांक आणि तारीख दिसते, ती एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या बाजूला चिकटवा. कार्डाचं पूर्ण नावही लिहा. आणि हातात परीक्षेचा प्रोजेक्ट, ऑडिट किंवा छपाईचं काम असेल, तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर आठवडाभर अपडेट थांबवायची सोय आहे. काम पोचतं झालं की तिथंच जाऊन ते पुन्हा चालू करा.