सुदस्सनाची नोकरी

संयुत्त निकायात कथा आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोण या मोठ्या मापाने भात जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी मिताहाराची गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणास पाठ करावयास लावली व रोज जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी १०० कहापण ठरविले. हळूहळू तो नाळी या लहान मापावर आला. अंग हलके झाले. उपदेश एकदाच, आठवण मात्र रोज, तीही ऐन ताटावर! आपण पगारी सुदस्सन कोठून आणणार? घरातील नातीलाच सांगावे, "तिसऱ्या भाकरीला हात गेला की टोक." वढू-कोरेगाव रस्त्याने सकाळी चालावयास शेजाऱ्यास सोबत घ्यावे, तो दारात उभा राहिला की अंथरूण सोडावेच लागते. मधुमेहाची गोळी चालू असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे; जेवण घटविल्यास साखर एकदम उतरू शकते.