फाइल न उघडता आत पाहण्याची सोय

बालाघाट जिल्ह्यातील मुक्की प्रवेशद्वारातून कान्हा राष्ट्रीय उद्यान पाहून आलेल्या सहलीची शेकडो छायाचित्रे संगणकात साठतात. कॅमेऱ्याने दिलेली त्यांची नावे म्हणजे नुसते आकडे! वाघ कोणत्या चित्रात आणि रिकामे गवत कोणत्यात, हे नावावरून कसे कळावे? नको ती चित्रे काढताना हवे तेच गमावण्याचे भय असते.

लिनक्स प्रणालीत यावर सोपा उपाय आहे. उबुंटूमधील ‘फाइल्स’ या प्रोग्रामच्या जोडीला ‘ग्नोम-सुशी’ नावाचा लहानसा प्रोग्राम बसवावा. त्यासाठी टर्मिनलमध्ये ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नोम-सुशी’ ही आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्यावी. त्यानंतर फाइल निवडून स्पेसबार दाबताच चित्र किंवा पीडीएफ डोळ्यांपुढे येते. पुन्हा दाबताच मिटते. ‘डॉल्फिन’ वापरणाऱ्यांनी एफ-११ कळ दाबावी, म्हणजे बाजूच्या चौकटीत निवडलेल्या फाइलची झलक दिसते.

ग्रंथालयातील पुस्तक घरी नेण्यापूर्वी आपण चाळून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. यात वेळ वाचतो हे खरेच. परंतु सहलीची एकमेव आठवण चुकून पुसली जात नाही, हा लाभ त्याहून मोठा आहे.