स्मृतिभ्रंश टाळायचा तर बीपी चाळिशीतच तपासा

रायपूरच्या तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतल्या मराठी घरांत आजोबांना नातवाचं नाव आठवेनासं झालं, की ‘वय झालं’ म्हणून विषय मिटतो. त्यांचा पंचेचाळिसाव्या वर्षीचा बीपी किती होता, हे कुणी विचारत नाही. खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

मेंदूत काय होतं?

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे 20 टक्के. तो पोचवणाऱ्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून जाड आणि कडक होतात. रक्त कमी पडलेला भाग हळूहळू निकामी होतो. त्रास काहीच जाणवत नाही, म्हणून दुखणं लक्षातही येत नाही.

चीनच्या खेड्यांतला पुरावा

चीनमधल्या 326 गावांत चाळिशीपुढच्या सुमारे 34 हजार बीपीच्या रुग्णांवर चार वर्षं अभ्यास झाला. निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या गावांत उपचार नेहमीसारखेच चालू राहिले. उरलेल्या गावांत प्रशिक्षण घेतलेल्या गावच्याच डॉक्टरांनी गोळ्या ठरवल्या, वाढवल्या आणि बीपी 130/80 च्या खाली ठेवण्याचा पाठपुरावा केला. या गावांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 15 टक्क्यांनी कमी निघालं. आकडा छोटा वाटेल; पण एकदा जडलेला स्मृतिभ्रंश बरा करणारं औषध आजही नाही.

मला यातलं औषधापेक्षा माणसांचं काम मोठं वाटतं. छत्तीसगडकडे अशी माणसं आहेत. आशा कार्यकर्ती देशभर येण्याआधी, 2002 मध्येच इथे मितानीन ही आरोग्य स्वयंसेविका घरोघरी जाऊ लागली. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांचा बीपी मोफत तपासला जातो. अडतं ते पुढे, महिनोन्‌महिने गोळी चालू ठेवण्यात.

मोजायचं कसं?

जिना चढून आल्याआल्या, गप्पा मारत, सदऱ्याच्या बाहीवरच पट्टा बांधून घेतलेला आकडा भरवशाचा नाही. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. उघड्या दंडाला पट्टा, हात छातीच्या पातळीवर. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टर गाठाच.

मीठ आणि गोळी

दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे एक चमचा मीठ पुरे. उन्हाळ्यात पाण्यात भिजवलेल्या भाताची बोरे-बासी जरूर खा. मीठ वाढतं ते तिच्यावर शिवरलेल्या चिमटीनं आणि सोबतच्या लोणच्या-पापडानं. बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. म्हाताऱ्या माणसांना उठताना चक्कर येत असेल, तर मात्र डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्या.

आणि पुढच्या वेळी आईवडिलांना तपासणीला नेलंत, की त्याच खुर्चीवर बसून स्वतःच्या दंडालाही पट्टा बांधून घ्या.