पिसांचा खेळ आणि नंदू नाटेकर

शाळेच्या पटांगणात पोरे शटल खेळताना तुम्ही पाहिली असतील. मध्ये एक दोरी बांधायची. एक पोरगा इकडे, एक तिकडे. हातात जाळीची रॅकेट. पांढरे शटल इकडून तिकडे उडते. वारा सुटला की ते जाऊन बाभळीत अडकते, अन् खेळ तिथेच मोडतो.

या खेळाचे नाव बॅडमिंटन. आपण त्याला पोरांचा चाळा समजतो. आपल्या जालना भागात खेळ म्हटला की कुस्ती नाहीतर कबड्डी. पण याच पिसांच्या खेळात सांगलीच्या एका मुलाने १९५६ साली परमुलखात जाऊन पहिला नंबर मिळवला. त्यांचे नाव नंदू नाटेकर. या खेळात परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय.

आधी खेळ कसा आहे ते पाहू. मैदान ४४ फूट लांब. दोघेच खेळत असतील तर १७ फूट रुंद, चौघे असतील तर २० फूट. मध्ये ५ फूट उंचीची जाळी. आपल्या बाजूला शटल जमिनीवर पडू द्यायचे नाही. समोरच्याच्या बाजूला मात्र पाडायचे. बस्स, एवढेच.

शटल मोठे गमतीचे असते. खाली बुचाचा गोल तुकडा. त्यात हंसाची किंवा बदकाची १६ पिसे खोवलेली. सगळी पिसे पंखाच्या एकाच बाजूची घेतात, म्हणून शटल हवेत स्वतःभोवती फिरत जाते. वजन सुमारे ५ ग्रॅम. दोन रुपयांच्या नाण्याएवढे म्हणा ना! मोसंबी जोरात फेकली तर लांब जाऊन पडते. शटलचे तसे नाही. रॅकेटमधून ते गोळीसारखे सुटते, पण पिसांत हवा भरते आणि पुढे जाऊन त्याचा वेग एकदम मरतो. म्हणून इथे नुसत्या दंडाच्या ताकदीवर भागत नाही. मनगट लागते, नजर लागते, पायांत चपळाई लागते. वाऱ्याचा त्रास नको म्हणून मोठे सामने बंद सभागृहात होतात.

आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. या खेळाचे सुरुवातीचे नियम आपल्या पुण्यात लिहिले गेले. पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्यांनी १८७३ च्या सुमारास नियम बांधले. तेव्हा या खेळाला 'पूना' असेच म्हणत. पुढे विलायतेतल्या बॅडमिंटन नावाच्या वाड्यावरून आजचे नाव पडले.

नाटेकरांचा जन्म १२ मे १९३३ चा. ते आधी बॅडमिंटनचे नव्हतेच, टेनिसचे होते. १९५१-५२ मध्ये मुलांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत ते शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचले. समोर मद्रासकडचे रामनाथन कृष्णन. नाटेकर हरले. मग त्यांनी टेनिस सोडले आणि बॅडमिंटन धरले. हरल्यावर खेळ सोडणारे पुष्कळ असतात. यांनी खेळ बदलला! आणि १९५३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते बॅडमिंटनमध्ये देशात पहिले आले.

१९५४ साली ते लंडनला 'ऑल इंग्लंड' स्पर्धेत खेळले. या खेळातली ती फार जुनी आणि मानाची स्पर्धा. तिथे ते शेवटच्या आठांत गेले. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, मलायातल्या क्वालालंपूर शहरी त्यांनी सेलांगर स्पर्धा जिंकली. मलायात त्या काळी हा खेळ घरोघर चाले. म्हणजे परक्याच्या आखाड्यात जाऊन तिथल्या मल्लांना चीत करण्यासारखेच ते झाले. त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत एकेरी, दुहेरी आणि मिश्र मिळून १७ वेळा अजिंक्यपद मिळवले. १९६१ साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. बॅडमिंटनसाठी तो पहिल्यांदा नाटेकरांना मिळाला. त्यांचा मुलगा गौरव पुढे टेनिसमध्ये चमकला. बापाने सोडलेला खेळ लेकाने धरला म्हणायचा. २८ जुलै २०२१ रोजी नाटेकर वारले.

आता तुम्ही विचाराल, "हे सगळं खरं, पण खेळानं पोट भरतं का हो?"

प्रश्न रास्त आहे. नाटेकरांच्या काळी भरत नव्हते. तेव्हा हा खेळ हौशी लोकांचा. जिंकले तर चषक मिळे. खेळण्याचे पैसे घेणे नियमातच बसत नसे. खेळाडू नोकरी करीत आणि उरल्या वेळात खेळत. हा नियम १९८० च्या आसपास सुटला.

आज जपानमध्ये पाहा. तिथे मोठ्या कंपन्या खेळाडूंना पदरी ठेवतात, पगार देतात. आपल्याकडे संस्थानिक पैलवान पोसत, तसेच काहीसे. केंतो मोमोता हा तिथला असाच एक खेळाडू, एका टेलिफोन कंपनीचा. २०१९ साली त्याने एका वर्षात ११ स्पर्धा जिंकल्या. जानेवारी २०२० मध्ये त्याच क्वालालंपूरला एक स्पर्धा जिंकून तो विमानतळाकडे निघाला. वाटेत त्याची गाडी ट्रकवर आदळली. गाडीचा चालक जागीच गेला. मोमोताच्या डोळ्याजवळचे हाड मोडले, एकाचे दोन दिसू लागले. शस्त्रक्रिया झाली, तो परत खेळलाही. पण पहिली चमक आली नाही. २०२४ मध्ये तो देशाच्या संघातून बाजूला झाला. म्हणजे पगार असला तरी खेळाची भाकरी कच्चीच.

आपल्याकडे आता एक सोय आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी १०० पैकी ५ जागा राखून ठेवतात. मात्र नुसते गावात खेळून ती मिळत नाही. कोणत्या पदाला कोणत्या पातळीची स्पर्धा चालते, हे ठरलेले आहे. शिक्षणाची अटही आहेच. मिळालेल्या प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. याची माहिती जालन्याला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत मिळते. पोराचे किंवा पोरीचे स्पर्धेचे प्रमाणपत्र घरी आले, तर त्यावरचे नाव, साल आणि शिक्का स्वतः वाचून पाहा. नावात चूक असेल तर ती त्याच वेळी दुरुस्त करून घ्या. पाच-सहा वर्षांनी ती दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात.