जानुसंधिगत वात : तेलाला व्यायामाची जोड हवी

"वैद्यराज, गुडघे बदलावे लागतील म्हणतात. आपल्याकडे काही उपाय आहे का?" हा प्रश्न आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. त्याचे उत्तर देताना माझ्या हातून झालेली एक चूक येथे मांडतो.

५८ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका दोन्ही गुडघ्यांच्या वेदनेसाठी आल्या. उजवा गुडघा अधिक दुखत होता. लक्षणे संधिगत वाताची, आमाचा संबंध नाही. १४ दिवस जानुबस्ती केली, पोटात गुग्गुळ कल्प दिला. उत्तम उपशय मिळाला. दोन महिन्यांनी वेदना परतली, पुन्हा जानुबस्ती केली. तिसऱ्या वेळी मात्र मी मोजपट्टी हाती घेतली. उजवी मांडी डाव्या मांडीहून दोन सेंटिमीटरने बारीक भरली. वेदनेच्या भयाने त्यांनी चालणे सोडले होते आणि मीही "विश्रांती घ्या" एवढेच सांगत आलो होतो. संधीला धरून ठेवणारे मांसच क्षीण होत असताना केवळ वरून तेल ओतून काय साधणार?

सुश्रुताचार्यांनी स्नायु-संधि-अस्थिगत वातात स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि मर्दन सांगितले आहे. व्यायामाची मर्यादाही त्यांनीच घालून दिली : श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. गुडघ्याच्या रुग्णासाठी मी याला एक व्यावहारिक कसोटी जोडतो. व्यायामानंतर वाढलेली वेदना दुसऱ्या दिवशीही टिकली, तर मात्रा निम्मी करावी.

माझ्या चिकित्सालयात पुढील तीन व्यायाम शिकवितो.

१) पाय पसरून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी.
२) उताणे निजून एक गुडघा दुमडावा व दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा.
३) खुर्चीवर बसून पाय सावकाश सरळ करावा.

प्रत्येक स्थिती पाच आकडे मोजेपर्यंत धरावी. सुरुवातीस सकाळ-सायंकाळ दहा-दहा आवर्तने पुरेत. श्वास रोखू नये. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात घ्यावी. उकिडवे बसणे टाळावे, शौचासाठी कमोडची सोय करावी. स्थूल रुग्णास वजनाचे महत्त्व आकड्यांत सांगावे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो.

जानुबस्तीचे स्थान यामुळे कमी होत नाही. वेदना व स्तंभ उणावले की रुग्ण व्यायामास राजी होतो. मात्र गुडघा उष्ण, सुजलेला व साम असेल तर प्रथम आमपाचन व रूक्ष स्वेद योजावा. मधुमेही रुग्णाची स्पर्शसंवेदना तपासल्याविना गरम तेल वापरू नये.

औषधांविषयी पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उल्लेखनीय आहे. ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाललेल्या या चाचणीत आयुर्वेदीय योग ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तुल्य ठरले. परंतु आयुर्वेदीय योग घेणाऱ्या सात रुग्णांत यकृताच्या एसजीपीटी या घटकाची वाढ आढळली. औषध थांबविल्यावर ती पूर्ववत झाली. दीर्घकाळ औषध देताना रक्ततपासणी करणे हे म्हणूनच आपले कर्तव्य ठरते.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. महायोगराज गुग्गुळात नाग, वंग, रससिंदूर इत्यादी घटक असतात. वैद्याच्या चिठ्ठीविना तो देऊ नये. घटक न छापलेली 'रामबाण' चूर्णे दुकानात ठेवूच नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

ज्वरासह लाल, तप्त गुडघा, पडल्यानंतर पायावर भार न पेलणे, सांधा अकस्मात अडकणे, पोटरीला एकाएकी सूज येणे, अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. संधी पूर्ण झिजून पाय वाकडा झाला असेल व चार पावले चालणेही अशक्य असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला देण्यात आपल्या शास्त्राचा पराभव नाही. अशा रुग्णाला आशेवर ठेवण्यात मात्र आहे.

त्या शिक्षिका चार महिने नेमाने व्यायाम करीत राहिल्या. क्ष-किरण चित्र होते तसेच आहे, पण जिना त्या आधाराविना चढतात. आता त्या जानुबस्तीसाठी येत नाहीत. मांडीचे माप दाखविण्यासाठी येतात.