चार्ली बेनेटचे हात

क्रिकेटवेड्या आपल्या लोकांना यष्टिरक्षक आठवतो तो बहुधा त्याने झेल सोडला म्हणजे! बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू अडवणाऱ्या गड्याला कॅचर म्हणतात. त्याचंही नशीब काही निराळं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊन या लहानशा गावी १९३९ साली बेसबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’ उघडलं. तिथे आपल्या आवडत्या खेळाडूची पाटी लागावी म्हणून अमेरिकन माणूस वर्षानुवर्षं हिरिरीने वाद घालतो. चार्ली बेनेटची पाटी मात्र तिथे अजून लागलेली नाही.

बेनेट पेनसिल्व्हेनियातल्या न्यू कॅसलचा, जन्म १८५४चा. १८७८ ते १८९३ या काळात तो पंधरा हंगाम खेळला. त्यांतले आठ डेट्रॉइटकडून आणि शेवटचे पाच बॉस्टनकडून. १८८७ साली डेट्रॉइट आणि पुढे १८९१ ते ९३ अशी सलग तीन वर्षं बॉस्टन विजेतं ठरलं, त्या चारही संघांत तो होता.

त्या काळचं कॅचरचं काम आजच्या मापाने मोजता येत नाही. आजचा कॅचर गादीसारखा जाड मोजा घालतो. बेनेटच्या हाती होते बोटं कापलेले पातळ कातडी मोजे. त्यातच १८८४ साली नॅशनल लीगने खांद्यावरून चेंडू फेकायची मुभा दिली आणि चेंडू अधिकच वेगाने येऊ लागला. बोटं मोडायची, नखं उखडायची. म्हणून संघ दोन-तीन कॅचर आलटून पालटून खेळवत. बायकोने शिवून दिलेलं छातीचं चिलखत बेनेट सदऱ्याखाली घालायचा, असं सांगतात. बोटांना मात्र चिलखत नव्हतं, आणि त्याच बोटांनी त्याने क्षेत्ररक्षणाच्या सरासरीत लीगच्या कॅचरांमध्ये सात वेळा पहिला क्रमांक पटकावला.

मग अडलं कुठे? फलंदाजीत. त्याची कारकिर्दीची सरासरी .२५६, म्हणजे शंभर प्रयत्नांत सव्वीसेक हिट. पण रे शॉक या कॅचरला १९५५ साली हॉलमध्ये जागा मिळाली ती केवळ यष्टीमागच्या, म्हणजे प्लेटमागच्या कामगिरीवर, त्याची सरासरी.२५३! शॉकच्या हातात तर चांगला जाड मोजा होता. बेनेटचे सामने १०६२, शॉकचे सतराशेच्या वर, हा आक्षेप रास्त आहे. तरीही १८८१ साली डेट्रॉइटचा अख्खा हंगामच ८४ सामन्यांचा होता, हे विसरून कसं चालेल?

बेनेटचं नाव निघालं की लोक त्याच्या हातांऐवजी पायांबद्दल बोलतात. १० जानेवारी १८९४ रोजी कॅन्ससमधल्या वेल्सव्हिल स्टेशनवर तो क्षणभर खाली उतरला. गाडी सुटली. धावत चढताना पाय घसरला आणि तो चाकांखाली गेला. दोन्ही पाय कापावे लागले. वय अवघं एकोणचाळीस. डेट्रॉइटने १८९६ साली बांधलेल्या नव्या मैदानाला ‘बेनेट पार्क’ नाव दिलं, आणि १९२६ पर्यंत दर हंगामाच्या पहिल्या दिवशी मानाचा पहिला चेंडू झेलायचा मान त्याला होता. १९२७ साली तो वारला.

कथा ऐकून डोळे पाणावतात खरे. पण दया हा पाटीचा आधार नव्हे, आणि तिची गरजही नाही. रेल्वेचा तो दिवस पुसून टाका. उरलेल्या पंधरा हंगामांच्या जोरावर बेनेटचा हक्क शॉकइतकाच, किंबहुना थोडा अधिकच ठरतो, असं माझं मत आहे. १८९० सालच्या सुमारास खेळ थांबवलेला डीकन व्हाइट २०१३ साली हॉलमध्ये दाखल झाला, म्हणजे उशिराचीही सोय आहे. जुन्या खेळाडूंचा निवाडा करणारी समिती सोळा जणांची असते आणि बारा मतं लागतात.

बेनेट पार्कच्या जागी १९१२ साली उभं राहिलेलं मोठं स्टेडियमही २००९ पर्यंत पाडून झालं. मिशिगन आणि ट्रंबुल रस्त्यांच्या त्या कोपऱ्यावर २०१८ पासून मुलांसाठी नवं मैदान आहे. तिथे आजही एखादा पोरगा प्लेटमागे उकिडवा बसलेला दिसतो, जाडजूड मोजा घालून.